आपल्याच गावात अमूर्त चित्रांचं पहिलं प्रदर्शन : ‘हे काय आहे?’ असं लोक विचारतील तेव्हा

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा : तुम्ही रत्नागिरीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवता. गेली ७ वर्षं जवळपास दर शनिवारी गावामागच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळपठारावर, जाता, तिथे वहीत रंगांच्या नोंदी करता आणि त्या नोंदींवरून ॲक्रिलिकमध्ये अमूर्त चित्रं करता. अशी ३२ चित्रं झाली आहेत. नोव्हेंबरात शहरातल्या एका छोट्या हॉलमध्ये ५ दिवसांचं प्रदर्शन ठरलंय. घरच्यांनी आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनी चित्रं पाहून एकच विचारलं, “छान आहे, पण हे काय आहे?” कुणीतरी सुचवलं की प्रत्येक चित्राशेजारी त्या जागेचा फोटो लावा, म्हणजे लोकांना कळेल. आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की फोटो लावावेत का, चित्रांना शीर्षकं द्यावीत का आणि तीन भिंती मिळून ६० फुटांच्या जागेत ३२ चित्रं कशी बसवावीत.

मी स्वतः चित्रं काढते आणि गेली २२ वर्षं इतरांच्या प्रदर्शनांची मांडणी करते. पुणे, कोल्हापूर, नाशिक इथली कामं जास्त, कोकणातली मोजकी. तुमची चित्रं मी पाहिलेली नाहीत, तेव्हा कुठलं चित्र ठेवा आणि कुठलं काढा हे मी सांगू शकत नाही. हॉलच्या भिंती पॅनलच्या आहेत की सिमेंटच्या, यावरही पुढचं बरंच अवलंबून आहे. बाकीचं अनुभवावरून सांगते.

आधी मूळ अडचणीकडे येते. फोटो, शीर्षकं, जागा असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. मला त्यामागे एकच काळजी दिसते : आपल्या गावातली माणसं समोर उभी राहतील, त्यांना काही दिसणार नाही, आणि ती ‘आपल्याला यातलं कळत नाही’ असं म्हणून ओशाळून निघून जातील. ही काळजी खरी आहे. मी असं होताना पाहिलंय. पण त्याचं कारण लोकांना निसर्ग दिसत नाही, हे नव्हतं. प्रदर्शनाने त्यांना भलत्याच कामाला जुंपलं होतं, हे होतं.

‘हे काय आहे?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. चित्राचं कौतुक करायला आपल्याकडे लहानपणापासून एकच शब्द हाताशी असतो, ‘हुबेहूब’. हापूस काढला तर तो खावासा वाटला पाहिजे, बैल काढला तर तो शिंग मारेल असं वाटलं पाहिजे. तुम्ही स्वतः शाळेत वस्तुचित्राला गुण देता तेव्हा हेच बघता. मग तोच माणूस तुमच्या चित्रासमोर येतो आणि ज्या किल्लीने त्याने आजवर चित्रं उघडली ती लावून पाहतो. ती लागत नाही. तुमचं काम त्याला दुसरी किल्ली देण्याचं आहे, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे ती त्याच्या खिशात आधीपासून आहे. तो तुमच्याच गावचा आहे. तोच सडा त्याने आयुष्यभर पायाखाली घातलाय.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गात एका चित्रकर्तीचं प्रदर्शन लावलं होतं. त्यात साधारण ३ बाय ४ फुटांचं एक चित्र होतं : खालून वर चढत गेलेला गडद तांबडा थर, त्यात पिवळट पांढरे ठिपके, आणि वरच्या कडेला राखाडी रंग लावून ओल्या फडक्याने अर्धवट पुसलेला पट्टा. संध्याकाळी एक गृहस्थ आले, बहुधा कामावरून थेट, कारण पँटच्या घडीत लाल धूळ होती. चपला बाहेर काढून आत आले. सगळी चित्रं भराभर बघितली आणि या एका चित्रापाशी थांबले. कॅनव्हासपासून वीतभर अंतरावर तळहात धरला, अजिबात न टेकवता, आणि म्हणाले, “ह्यो चिरो ताजो आसा. अजून सुकलो नाय.”

ते चिरेखाणीवर, म्हणजे जांभा दगडाच्या खाणीवर, काम करायचे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ आणि ओलसर असतो, रंगही गडद असतो; हवा आणि ऊन लागलं की तो हळूहळू घट्ट होत जातो. ही गोष्ट त्यांच्या तळहाताला माहीत होती. चित्रकर्ती खाणीवर कधी गेलीच नव्हती. पहिल्या पावसानंतरच्या परसातल्या जमिनीवरून तिने ते चित्र केलं होतं. मग त्या गृहस्थांनी चुकीचं पाहिलं का? मुळीच नाही. ओल शिरलेल्या लोहमय मातीचा जो गडदपणा तिने दहा थर देऊन पकडला होता, नेमका तोच त्यांनी ओळखला. दोघांची वाट वेगळी, पोचले एकाच ठिकाणी. त्या दिवशी त्या चित्राशेजारी परसाचा फोटो लावलेला असता, तर त्यांनी फोटो बघितला असता, ‘अच्छा, परस’ म्हटलं असतं आणि पुढे गेले असते.

म्हणून फोटोंबद्दल माझं मत स्पष्ट आहे : लावू नका. फोटो शेजारी आला की डोळा ‘जोड्या लावा’ खेळायला लागतो. फोटोतलं झाड चित्रात कुठे गेलं, ती हिरवी पट्टी म्हणजे गवत का, हे जुळवण्यात वेळ जातो. जुळलं तर चित्र संपतं, नाही जुळलं तर चित्रकार चुकला असं वाटतं. दोन्हीकडून नुकसान चित्राचंच.

फोटोऐवजी तुमची वही ठेवा. तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ती वही आहे, आणि तुम्ही तिचा उल्लेख ओझरता केलाय. त्यात तारीख असेल, वेळ असेल, रंगांचे ठिपके असतील, ‘आज कातळ काळा नाही, जांभळट’ अशा ओळी असतील. ती प्रदर्शनाच्या दारात ठेवू नका. शेवटच्या चित्रानंतर, एका टेबलावर, उघडी, चाळता येईल अशी ठेवा. मूळ वही जपायची असेल तर रंगीत झेरॉक्स काढून स्पायरल करून घ्या. आधी चित्रं पाहून मग वही चाळणारा माणूस परत फिरतो आणि दोन-तीन चित्रं पुन्हा बघतो. हे मी अनेकदा पाहिलंय. उलट क्रमाने ठेवली की वही उत्तरपत्रिका होऊन बसते.

आता शीर्षकं. इथे दोन मोठे चित्रकार दोन टोकांना उभे आहेत. वासुदेव गायतोंडे यांनी आपल्या परिपक्व काळातल्या चित्रांना नावं दिली नाहीत. ‘अमूर्त’ हे लेबलही त्यांना मान्य नव्हतं, आपलं काम वस्तुनिरपेक्ष आहे असं ते म्हणायचे. समोर काही ‘आहे’ आणि त्यातून मी हे काढलं, असा हिशेबच त्यांना नको होता. दुसरीकडे सय्यद हैदर रझा. मध्य प्रदेशातल्या जंगलांच्या मुलखात बालपण गेलं, आयुष्याचा मोठा भाग फ्रान्समध्ये काढला, आणि चित्रांना ‘ला तेर’, म्हणजे पृथ्वी, ‘बिंदू’ अशी नावं दिली. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघांचं चित्राशी असलेलं नातं वेगळं. तुमचं नातं रझांच्या जवळचं दिसतं. तुम्ही एका जागी वारंवार जाता, तिथून काही घेऊन येता. मग नाव लपवण्यात अर्थ नाही. ‘शीर्षकहीन १’, ‘शीर्षकहीन २’ अशी ओळ लहान गावात फार कोरडी वाटते.

पण नाव कसलं द्यायचं? ‘सड्यावरची संध्याकाळ’ दिलंत की लोक सूर्य शोधणार. ‘डबकं’ दिलंत की पाणी शोधणार. वस्तूचं नाव दिलं की डोळा वस्तूच्या मागे लागतो. आपल्या भाषेत मात्र निसर्गाच्या अवस्थांना किती नेमके शब्द आहेत बघा : मळभ, उघडीप, झड, शिरवं, उकाडा. मळभ म्हणजे काही वस्तू नाही. ढग असतात, उजेड अडलेला असतो, हवा जड झालेली असते, माणूस आळसावलेला असतो, हे सगळं मिळून मळभ. चित्राखाली ‘मळभ’ लिहिलं तर कुणीही त्यात झाड शोधत नाही; तो आपल्या अंगात मळभ शोधतो आणि ते त्याला लगेच सापडतं. मराठी माणूस रोज असे अमूर्त शब्द वापरतो. मग अमूर्त चित्र त्याला परकं कसं?

तेव्हा नावं देताना ‘काय’ सोडा, ‘कधी’ आणि ‘कसं’ धरा. वहीतल्या नोंदींमध्येच ती सापडतील. तुमच्या गावात जो शब्द जसा बोलतात तसाच ठेवा. पऱ्याला ओढा करू नका, गडग्याला कुंपण करू नका. आणि एखाद्या चित्राला नाव सापडतच नसेल तर तिथे फक्त महिना लिहा. ‘श्रावण’ पुरेसं आहे.

यात आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, जी पुण्यातल्या चित्रकाराला मिळत नाही. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी गावच्या कातळावर कोरलेला हत्ती ओळखता येतो. पण कितीतरी ठिकाणी चौकटी, वलयं, आडव्या-उभ्या रेघांचे पट्टे आहेत, ज्यांचा अर्थ आजवर कुणालाही ठामपणे लावता आलेला नाही. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत समावेश झाला. ती पाहायला गेलेला माणूस ‘हे काय आहे’ विचारतो, उत्तर मिळत नाही, तरीही तिथे बराच वेळ उभा राहतो. कातळ, रेघ आणि उजेड एवढं त्याला पुरतं. अमूर्त म्हणजे काहीतरी मुंबई-पॅरिसहून आलेलं, असं तुमच्या सहकाऱ्यांना वाटत असेल तर त्यांना एकदा त्या रेघांपाशी घेऊन जा. अमूर्त चित्रकलेतले आपले एक मोठे चित्रकार प्रभाकर कोलते हेही कुडाळजवळच्या नेरूरपारचेच.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते, कारण प्रदर्शनाचं यश तिच्यावर आहे. ‘निसर्गप्रेरित अमूर्त’ हे शब्द आज फार स्वस्त झालेत. टेक्श्चर पेस्ट फासायची, निळा-हिरवा ओतायचा, वर सोनेरी वर्ख चिकटवायचा आणि खाली ‘निसर्ग’ लिहायचं, अशी कितीतरी कामं मी भिंतीवर चढवली आहेत. वाईट वाटतं, कारण ती कुठल्याही गावात, कुठल्याही ऋतूत झाली असती. तुमच्या ३२ चित्रांपैकी प्रत्येकासमोर बसून स्वतःला विचारा : सड्यावर न जाता, खोलीत बसून, निव्वळ हाताच्या सवयीने हे झालं असतं का? ‘हो’ असं उत्तर आलं तर ते चित्र कितीही देखणं असो, ते या प्रदर्शनात नको.

सडा वर्षभर एकसारखा राहत नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. एप्रिलात तो काळपट असतो. दगडफुलांनी आणि शेवाळाने वाळून धरलेला तो कळकट थर, मध्ये करपलेल्या गवताचा फिका पिवळा. जूनच्या सरींनी तोच काळा एकदम तेलकट दिसायला लागतो. जुलैत कातळावर पाण्याचे पातळ पापुद्रे साचतात आणि आभाळ पायाखाली येतं. ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा आणि गेंदांचा पांढरा असा काही पसरतो की फूल वेगळं दिसत नाही, जमिनीचा रंगच बदलल्यासारखा वाटतो. हा शेवटचा अनुभव तर मुळातच अमूर्त आहे. आता तुमची ३२ चित्रं जमिनीवर मांडा. त्यात हे ऋतू वेगवेगळे जाणवतात का? सगळ्यांत तोच हिरवा, तोच तांबडा येत असेल, तर वहीकडे परत जा. नोव्हेंबरला वेळ आहे.

निवडीवरून जागेकडे येते. या ६० फुटांत ३२ चित्रं लावू नका. हिशेब असा : ६० फूट म्हणजे ७२० इंच. चित्रं सरासरी ३० इंच रुंद धरली तर १४ चित्रांना ४२० इंच लागतात, उरतात ३००, म्हणजे दोन चित्रांमध्ये साधारण २० इंच. अमूर्त चित्राला एवढा श्वास लागतोच. हुबेहूब चित्र आपल्या चौकटीत राहतं. अमूर्त चित्राचा रंग बाहेर सांडतो आणि शेजारच्या चित्रात मिसळतो. आणि अंतर सगळीकडे समान ठेवलंच पाहिजे असं नाही. दोन चित्रं एकाच आठवड्यातली असतील तर जवळ येऊ द्या, आणि एखादं मोठं चित्र एका भिंतीवर एकटंच ठेवा.

उरलेली १८ चित्रं परत घरी न्यायची म्हणून जीव तुटेल. दरवेळी प्रत्येक चित्रकाराचा तुटतो. त्यातली लहान ५-६ आत टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवा. ज्याने १४ चित्रं मन लावून पाहिली आणि आणखी काही आहे का विचारलं, त्याला दाखवा.

उंचीचं गणित पाठ करून ठेवा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. मोठ्या शहरातल्या गॅलऱ्या ६० धरतात, पण तुमच्याकडे शाळेची मुलं आणि वयस्कर बायका येणार, म्हणून मी २ इंच खाली घेईन. समजा चित्र ३६ इंच उंच आहे. अर्धं १८, म्हणजे वरची कड ७६ वर येते. चित्रामागची दोरी बोटाने ताणून धरा आणि ती वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजा. समजा ३ इंच. मग खिळा ७३ इंचांवर. प्रत्येक चित्राचं हे गणित आदल्या रात्री कागदावर करून, तो चिठोरा चित्रामागे चिकटवून ठेवा. मांडणीच्या दिवशी डोकं चालत नाही, फक्त हातोडी चालते. साधी नायलॉनची दोरी वापरू नका, ती पाच दिवसांत ताणली जाते आणि चित्रं खाली-वर होतात. वेणीसारखी विणलेली धातूची तार घ्या. सगळ्या चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत आणायचा मोह होईल, कारण सुतारही तसंच सुचवेल. मध्य एका रेषेत आणा.

उजेडाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. तुमच्या हॉलमध्ये पांढऱ्या ट्यूब आहेत असं लिहिलंय. त्या बहुधा ६५०० केल्विनच्या असतील (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्यांच्या उजेडात तांबडा मरतो. जांभ्याचा लाल हा लोहाच्या ऑक्साइडचा लाल, तोच गेरूचा, तोच देवळांच्या भिंतींवरच्या कावी चित्रांतल्या कावेचा, आणि तो या उजेडाखाली विटकरी राखाडी दिसतो. तुमचं अर्धं प्रदर्शन याच रंगावर उभं आहे! पदरमोड करावी लागली तरी चालेल, पण ३००० ते ४००० केल्विनचे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे एलईडी स्पॉट घ्या किंवा भाड्याने आणा. बॉक्सवर हे आकडे छापलेले असतात, नसतील तर ती वस्तू घेऊ नका. दिवा छताशी असा बसवा की उजेड चित्रावर उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांनी पडेल. याहून सरळ समोरून मारला तर ॲक्रिलिकचा पृष्ठभाग चमकतो, आणि अगदी वरून मारला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते. मंडपवाल्याकडचे हॅलोजन नकोत, त्यांची उष्णता रंगाला आणि बघणाऱ्याला दोघांनाही त्रास देते. खिडक्या पश्चिमेला आहेत म्हणता, तर त्यांच्या समोरच्या भिंतीवर मॅट पृष्ठभागाची चित्रं लावा. चकचकीत चित्रं खिडकीच्याच भिंतीवर, खिडक्यांच्या मधल्या जागेत.

आणि हॉलच्या मध्ये एक बाक ठेवा, शाळेतला लाकडी बाकही चालेल. पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची कमळांची चित्रं १९२७ पासून दोन लंबगोल दालनांत लावलेली आहेत, आज तिथे वरून नैसर्गिक उजेड येतो; लोक मधल्या बाकांवर बसून ती बघतात. तीही एका माणसाच्या घरामागच्या तळ्याची चित्रं. झिव्हर्नी गावातलं आपलं ते एकच तळं मोनेने जवळजवळ तीस वर्षं रंगवलं, आणि शेवटी शेवटी काठ गेला, क्षितिज गेलं, उरलं नुसतं पाणी आणि त्यातला उजेड. एकाच जागी वर्षानुवर्षं बघत राहिलं की वस्तू आपोआप गळत जातात. तुमचं तसंच झालं असावं असा माझा अंदाज आहे, म्हणून हे सांगितलं. बसायला जागा असली की म्हाताऱ्या माणसांची घाई संपते, आणि घाई संपली की चित्र दिसायला लागतं.

तुम्ही सड्याची मातीही रंगात वापरता हे वाचून आनंद झाला, पण एक काळजी घ्या. माती आधी दोन-तीनदा पाण्यात निवळून घ्या, म्हणजे क्षार आणि काडीकचरा जातो; मग सुकवून, कुटून वस्त्रगाळ करा आणि ॲक्रिलिक मीडियममध्ये (रंगाला बांधून ठेवणाऱ्या द्रवात) नीट मळा. नुसती पाण्यात कालवून लावलेली माती वर्षभरात भुकटी होऊन गळते. तपासायचं सोपं आहे : पूर्ण सुकल्यावर पांढरं फडकं हलकेच फिरवा. फडक्याला रंग आला तर मीडियम कमी पडलंय, वरून पातळ थर द्या. लोहाचा लाल उन्हाने उडत नाही, त्या बाजूने निर्धास्त असा.

आता प्रत्यक्ष त्या पाच दिवसांविषयी. ‘हे काय आहे?’ असं कुणी विचारलं की लगेच ‘हा सडा, हे पाणी’ असं सांगू नका. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असंही विचारू नका. माणूस परीक्षेला बसल्यासारखा आक्रसतो, आणि तुम्ही मास्तर असल्यामुळे जास्तच. त्याच्या शेजारी उभे राहा, चित्राकडे तोंड करून, आणि केलेलं काम सांगा : “हा काळा आधी सगळीकडे लावला होता. मग तो अर्धा ओला असताना गोणपाटाने दाबून उचलला. तीन दिवसांनी वर पातळ पांढरा दिला.” गवंडी, सुतार, रंगारी, भाकरी थापणारी बाई, सगळ्यांना थर, ओल, दाब, वाळणं हे कळतं. कामातून ते चित्रात शिरतात. मग तेच म्हणतात, “म्हणजे पावसात भिंतीला ओल येते तसं.” तिथे थांबा. बरोबर की चूक सांगू नका.

“हे तर माझा नातूही काढेल” असं कुणीतरी म्हणेलच. दुखावून घेऊ नका. नातवाला खरंच घेऊन यायला सांगा, आणि आला तर त्याला खाली बसवून कागद-रंग द्या. चित्रकला शिक्षक म्हणून हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल. मुलं अमूर्ताला घाबरत नाहीत, आणि मुलांच्या मागून आलेले आईबाप दुप्पट वेळ थांबतात.

दाराशी लावायचं मनोगत एका पानाच्या आत, मोठ्या अक्षरात. त्यात ‘अवकाश’, ‘अस्तित्व’, ‘अंतर्मनाचा शोध’ असे शब्द आले तर खोडून टाका. लिहा की मी सात वर्षं दर शनिवारी अमुक सड्यावर जातो, किती वाजता जातो, काय बघतो, घरी येऊन काय करतो. एवढ्या साध्या चार ओळींनी माणूस आत येताना मनाने सड्यावर पोचलेला असतो. शीर्षकांच्या पट्ट्या लहान, चित्राच्या उजवीकडे खाली. त्यावर नाव, माध्यम, माप आणि वर्ष, बस्स.

किमतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लोक विचारणारच. एक दर चौरस इंचाला ठरवा आणि सगळ्या चित्रांना तोच लावा. मित्राला कमी, अनोळखी माणसाला जास्त असं करू नका. गाव लहान आहे, दोन दिवसांत कळतं. यादी टेबलावर ठेवा, भिंतीवर नको.

शेवटी ने-आण. कोकणातल्या दमट हवेत ॲक्रिलिक सुकलं तरी चिकट राहतं. चित्रं एकमेकांना तोंडाला तोंड लावून रचू नका आणि बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नका. फुग्यांचे गोल ठसे उमटतात आणि ते निघत नाहीत. एका चित्रकाराचं टेम्पोतून आलेलं मोठं काम असंच खराब झालेलं मी पाहिलंय, उद्घाटनाच्या आदल्या रात्री. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. प्रदर्शनानंतर घरी टांगताना फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचा एकेक तुकडा चिकटवा, म्हणजे भिंत आणि कॅनव्हास यांच्यात हवा खेळती राहील. नाहीतर पुढच्या जुलैत मागे बुरशी धरेल.

हॉलच्या तिन्ही भिंतींची मापं, दार आणि खिडक्या कुठे आहेत त्याचा हाताने काढलेला नकाशा, आणि निवडलेल्या चित्रांची उंची-रुंदी एवढं पाठवलंत तर कुठलं चित्र कुठे बसेल याचा कच्चा आराखडा मी करून देते. दारातून आत शिरल्यावर पहिलं कुठलं चित्र दिसावं असं तुम्हाला वाटतं, तेही लिहा.